निवासी कुस्ती संकुल: फी भरण्याआधी वजनाची वही मागा

पत्र्याची मोठी शेड, आत मॅट, शेजारी दोन मजली वसतिगृह आणि रस्त्याच्या तोंडाला पदकं घातलेल्या पोरांचा फ्लेक्स. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत अशी खासगी निवासी कुस्ती संकुलं आता ठिकठिकाणी दिसतात. गावची तालीम पोराकडून पहाटे आणि संध्याकाळी मेहनत करून घ्यायची आणि जेवायला घरी पाठवायची. संकुल पोराला वर्षभर ठेवून घेतं आणि त्याचे पैसे घेतं. हे परीक्षण कुठल्या एका संकुलाचं नाही. फी भरून जी सेवा पदरात पडते, तिच्या एकेका भागाचं आहे, आणि ते १२ ते १७ वयाच्या पोरांच्या आईवडिलांसाठी आहे.

आमचं मत आधीच सांगतो. मॅट, शेड, डाव शिकवण्याची पद्धत यांत चांगलं संकुल गावच्या तालमीच्या कितीतरी पुढे असतं. घात होतो तो वजन, शाळा आणि औषधं या तीन ठिकाणी. ज्या संकुलात वर्षाला इतकी पदकं दाखवल्याशिवाय पुढची भरती होत नाही, तिथे या तीन गोष्टींवर सर्वांत आधी पाणी सोडलं जातं. हे फ्लेक्सवरून कळत नाही, वजनाच्या वहीवरून कळतं.

म्हणून चौकशीला गेल्यावर पहिली मागणी वहीची करा. जाणत्या वस्तादाकडे प्रत्येक पोराचं एक पान असतं. त्यात तारीख, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर उपाशीपोटी घेतलेलं वजन, मेहनतीनंतरचं वजन आणि महिन्यातून एकदा उंची, एवढंच. वही नसेल, किंवा वहीत फक्त स्पर्धेआधीच्या आठवड्याचे आकडे असतील, तर तिथे वजन सांभाळत नाहीत, तोडतात.

ती वाचायची कशी तेही सांगतो. ५० किलोचा पोरगा एप्रिलच्या उकाड्यात दोन तास मॅटवर घासला की किलोभर वजन उतरतं. तो घाम असतो, चरबी नव्हे. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी, सोबत मीठ असलेलं काहीतरी, रात्रीपर्यंत पोटात गेलं पाहिजे. तसं गेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा जवळपास पूर्वीच्या जागी येतो. सलग तीन-चार सकाळी आकडा घसरत असेल तर पोराला पाणी कमी पडतंय, मग ते चुकून असो वा मुद्दाम. काटासुद्धा बघून घ्या: सपाट फरशीवर ठेवलेला, ५० किंवा १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल हवा. व्यायामाची २० किलोची प्लेट ठेवून बघितली की काटा ढोबळमानाने खरा की खोटा ते तिथेच कळतं.

आता उंचीचा रकाना. मुलगा साधारण १३-१४ वर्षांचा असताना वाढीच्या ऐन वर्षात ८ ते १० सेंटीमीटर उंच होतो आणि वजनही त्याच वेगाने चढतं. जागतिक कुस्ती संघटनेचे १५ वर्षांखालील मुलांचे वजनगट ३८, ४१, ४४, ४८, ५२, ५७, ६२, ६८, ७५ आणि ८५ किलो असे आहेत. सरळ वाढणारा पोरगा वर्षभरात यातली एक पायरी चढतो, कधी दोन. तेव्हा एखाद्या संकुलाने ‘सलग दोन वर्षं ४४ किलोत सुवर्ण’ असं अभिमानाने लिहिलं असेल तर थांबा आणि त्या पोराच्या उंचीचा रकाना दाखवायला सांगा. उंची ७ सेंटीमीटरने वाढली आणि वजन जागचं हललं नाही, तर ते पदक वाढीच्या वयातल्या अन्नातून कापून काढलेलं आहे.

हे कसं करतात ते कुस्तीच्या गावांत सगळ्यांना ठाऊक आहे. स्पर्धेआधी तीन दिवस भाकरी बंद, आदल्या दुपारपासून पाणी बंद, अंगात रेनकोट घालून रपेट, थुंकून थुंकून तोंड कोरडं करायचं, आणि काही ठिकाणी लघवी होण्याची गोळी. पाणी असं काढलं की रक्त घट्ट होतं, हृदयाचे ठोके वाढतात, घाम येईनासा होतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडायची वाट बंद होते. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस सुमारे महिनाभरात तीन कॉलेज कुस्तीगीर असंच वजन तोडताना दगावले. त्यानंतर तिथे नियम आला: मोसमाच्या सुरुवातीला शरीरातलं पाणी आणि चरबी तपासून किमान वजन ठरवायचं आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवायचं नाही.

हाच हिशोब आपल्या पोराला लावून बघा. ५३.५ किलोच्या मुलाला ५२ मध्ये खेळवायचं तर दीड किलो म्हणजे २.८ टक्के. दोन आठवडे गोड, तळलेलं आणि बाहेरचं खाणं बंद केलं, दूध-डाळ-अंडी तशीच ठेवली, तर बहुतेक वेळा जमतं, पाण्याला हात लावावा लागत नाही. त्याच मुलाला ४८ मध्ये बसवायचं तर साडेपाच किलो, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर. दीड टक्क्याच्या हिशोबाने सात आठवडे लागतात आणि एवढी चरबी १४ वर्षांच्या पैलवानाच्या अंगावर मुळात नसतेच. पण संकुलात ५२ चा दुसरा तयार मल्ल असेल तर आपल्या पोराला ४८ मध्ये ढकलण्याचा मोह वस्तादाला होतो, कारण दोन गटांत दोन पदकं मिळतात. ‘माझा मुलगा कुठल्या गटात आणि का’ हे लेखी विचारा.

आता वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळीच होतं आणि कुस्ती दुसऱ्या दिवशी गेली तर पुन्हा होतं. पूर्वी आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभर खाऊन-पिऊन भरून काढता यायचं, ती सोय राहिली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीत पोचूनही दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्याने बाद झाली. आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर हाताशी असलेल्या ऑलिंपिक मल्लाचं हे झालं. इथे १४ वर्षांचं पोर रेनकोट घालून पळत असतं आणि सोबतीला सायकलवर एक मोठा पैलवान, एवढीच देखरेख. १५ आणि १७ वर्षांखालील कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. पाणी तोडलेला मुलगा पहिल्या फेरीत बरा दिसतो, दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याची पकड सुटते. बाहेरून लोक म्हणतात, पोराचा दम कमी पडला.

खुराकाकडे वळू. फीच्या कागदावर राहणं-जेवण-मार्गदर्शन असतं आणि ‘खुराक स्वतंत्र’ ही ओळ खाली बारीक अक्षरात. हे स्वतंत्र म्हणजे किती? रोज एक लिटर म्हशीचं दूध, ५० बदाम आणि ४ अंडी धरा. दूध ७० रुपयांनी महिन्याला २,१००. बदाम रोजचे साधारण ६० ग्रॅम, महिन्याला १.८ किलो, ९०० च्या भावाने १,६२०. अंडी १२०, सात रुपयांनी ८४०. बेरीज ४,५६०, तूप-फळं सोडून. भाव गावागणिक थोडे इकडेतिकडे होतील, पण आकडा या घरातच राहतो. संकुल याच्या दुप्पट मागत असेल तर वरच्या पैशांत काय येतं ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

बदामाबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण त्यापायी घरं कर्ज काढतात. मेहनत करणाऱ्या मुलाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या मुलाला ६० ते १००. लिटरभर दुधातून ३५ च्या आसपास येतात, चार अंड्यांतून २४. बदामाच्या ५० दाण्यांतून मिळतात जेमतेम १२-१३, तेही ५४ रुपयांत. तेवढीच प्रथिनं दोन अंडी १४ रुपयांत देतात, आणि ६० ग्रॅम शेंगदाणे त्याहून थोडी जास्तच. बदाम घोटून केलेल्या थंडाईला मान आहे, ती जरूर प्यावी. पण बदाम परवडत नाहीत म्हणून पोर मागे पडेल, ही भीती काढून टाका. ज्वारीची भाकरी, उसळ, दूध, अंडी आणि शेंगदाण्याचा लाडू यावर १५ वर्षांचा पैलवान उत्तम उभा राहतो. मेस बघायला दुपारी बारा-एकच्या सुमाराला न सांगता जा आणि डाळीत डाळ किती आहे ते डावानेच ढवळून बघा.

डबे आणि सुया. काही संकुलांच्या ऑफिसातच प्रोटीन पावडरचे डबे विकायला असतात. डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक नसेल, पक्कं बिल मिळत नसेल, तर हात लावू नका. निकृष्ट पावडरीत स्टिरॉइड मिसळलेलं निघाल्याची उदाहरणं जगभर आहेत, आणि नाडाच्या, म्हणजे खेळाडूंची उत्तेजकं तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, चाचणीत सापडल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. अंगात काय गेलं त्याची जबाबदारी खेळाडूवरच असते. वर ज्या लघवीच्या गोळीचा उल्लेख केला तीसुद्धा बंदी असलेल्या यादीत आहे. त्याहून वाईट म्हणजे मेफेन्टरमाईनची सुई. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी ते औषध असतं. व्यायामशाळांमधून ते ताकदीचं म्हणून टोचलं जातं, हृदयाची लय बिघडवतं आणि त्याची चटक लागते. पोराच्या ट्रंकेत सिरिंज दिसली तर त्याच दिवशी त्याला घरी आणा. फीचं नंतर बघता येईल.

मॅट आणि माती. स्पर्धेची मॅट १२ मीटर चौरस, कुस्तीचं वर्तुळ ९ मीटरचं, जाडी साधारण ६ सेंटीमीटर. जुनी मॅट मधोमध बसते. गुडघा टेकून दाबल्यावर खाली जमीन लागली तर त्या मॅटवर भारंदाज (प्रतिस्पर्ध्याला उचलून फेकायचा डाव) मारणं म्हणजे खांद्याचा आणि मानेचा सौदा. एका मॅटवर एका वेळी पाच-सहा जोड्यांपेक्षा जास्त सोडल्या तर पोरं एकमेकांच्या पायावर पडतात. गुडघ्याची दुखापत प्रतिस्पर्ध्यामुळेच होते असं नाही, शेजारच्या जोडीमुळेही होते. मातीचा हौदा असेल तर तो रोज खोऱ्याने उकरलेला, ओलसर हवा. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, काव मुरवायची रीत नुसती श्रद्धेची नाही: त्याने माती मऊ राहते आणि धुरळा उडत नाही.

मॅटची सफाई रोज लागते. लिटरभर पाण्यात १५ मिली घरगुती ब्लीच, फडक्याने पुसून दहा मिनिटं ओलं ठेवायचं आणि मग कोरडं करायचं. हे होत नसेल तर गजकर्ण एका पोराकडून महिन्याभरात पूर्ण वसतिगृहात फिरतं. मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडयुक्त मलम लावलं की ते आठवडाभर दबतं आणि मग दुप्पट पसरतं. कानाचंही तसंच. कान सुजून टम्म झाला की दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडून रक्त काढून वरून दाब-पट्टी बांधून घेतली तर कान वाचतो, नंतर तो कायमचा कडक होतो. मोडलेला कान ही पैलवानाची खूण म्हणून मिरवली जाते, पण १३ व्या वर्षी ऐकू येण्याची वाट चिणून घ्यायचं कारण नाही.

आता वेळापत्रक. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास, आठवड्याचे सहा दिवस: ३६ तास. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की मुलाचं जितकं वय तितक्या तासांपेक्षा जास्त सराव आठवड्यात नको, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी आणि वर्षात मिळून दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब. १३ वर्षांच्या मुलाला १३ तास आणि इथे जवळपास तिप्पट. आपल्याकडे जोर, बैठका, सपाटे, रपेट हे सगळं या तासांत येतं हे धरूनही तफावत मोठी आहे. त्यात दिवाळीनंतर कुस्त्यांची मैदानं सुरू होतात ती चैत्र-वैशाखातल्या जत्रांपर्यंत. मोबाइल कॅमेरे आणि थेट प्रक्षेपण आल्यापासून लहान पोरांच्या जोडीही आधी जाहीर होतात, बॅनरवर फोटो लागतात. ज्याच्या कुस्तीला जास्त लोक बघतात त्याला दर रविवारी मैदान. मग दुखरा खांदा लपवून पोर उतरतं, कारण बॅनर लागलेला असतो. एका महिन्यात किती मैदानं, हे फी भरतानाच ठरवून घ्या. आमच्या मते १५ वर्षांखाली दोन पुरेत, आणि चालू परीक्षेच्या महिन्यात एकही नको.

शाळेबाबत मात्र तडजोड करू नका. ‘शाळेची काळजी नको, १७ नंबरचा फॉर्म भरू’ हे वाक्य चौकशीच्या पहिल्या दहा मिनिटांत ऐकू आलं तर उठून या. बाहेरून दहावीला बसलेला मुलगा शाळेचा विद्यार्थी नसतो, त्यामुळे क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत शाळेतर्फे उतरू शकत नाही. म्हणजे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांची जी सरकारमान्य वाट आहे तीच बंद. दहावी-बारावीला मिळणारे २५ पर्यंतचे क्रीडा गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण हे मान्यताप्राप्त स्पर्धांच्या प्रमाणपत्रावर मिळतं. प्रवेश फी घेऊन परराज्यात भरवलेल्या ‘राष्ट्रीय’ खुल्या स्पर्धेचं चकचकीत प्रमाणपत्र पडताळणीत टिकत नाही. संकुलाच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवर कुठल्या संघटनेचा शिक्का आहे ते वाचा, फोटो काढा आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा.

प्रशिक्षकाच्या नावापुढे एनआयएस (पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था) असेल तर वर्षाची पदविका की सहा आठवड्यांचा कोर्स, हे विचारा. दोन्हींना तेच तीन अक्षरी नाव लावतात. जुना वस्ताद कागदाविना असला तरी चालेल, पण एका वस्तादामागे २० पोरं ही हद्द. ६० पोरं आणि एक वस्ताद असेल तर प्रत्यक्षात शिकवतात ती मोठी पोरं.

मुलींसाठी थोडं वेगळं बघावं लागतं. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती गदा घेतली. तेव्हापासून मुलींची चौकशी वाढली, सोयी त्या मानाने वाढल्या नाहीत. राहायची वेगळी इमारत, रात्री मुक्कामाला असणारी महिला अधीक्षक, सरावाला महिला सहायक यांतलं एक जरी नसेल तर दुसरं ठिकाण शोधा. मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर ते मेहनतीचं लक्षण समजू नये. बऱ्याचदा अन्न कमी पडत असतं आणि हाडं झिजायला लागतात. हे वस्ताद विचारणार नाही, आईनेच फोनवर विचारायचं.

वयाबद्दल आमचं मत ठाम आहे. १४ वर्षांच्या आत पोराला घराबाहेर ठेवू नका. जवळची तालीम, घरचं जेवण आणि नेहमीची शाळा यावर त्या वयात जे यायचं ते येतं. त्यानंतर बाहेर पाठवायचंच असेल तर आधी फुकटचा पर्याय बघा: राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी. निवड कठीण असते, पण राहणं, जेवण आणि शिक्षण त्यातच येतं. खासगी संकुल घेतलंत तर पावतीवर चार गोष्टी लिहून घ्या: खुराकात काय आणि किती, दुखापत झाल्यास डॉक्टरचा खर्च कोणाचा, अपघात विमा आहे का, आणि मध्येच सोडलं तर किती फी परत.

दिवाळीला पोर घरी आलं की पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी वजन आणि उंची घ्या, निघायच्या सकाळी पुन्हा घ्या. चार दिवसांत तीन किलो वाढले तर ते फराळाने वाढलेले नाहीत. तोडलेलं पाणी शरीराने परत भरून घेतलं आहे. तेव्हा वस्तादाला फोन करून पोराचा वजनगट वरचा करायला सांगा, आणि तो ऐकत नसेल तर पुढच्या सहामाहीची फी भरू नका.